हौशी गार्ड, पगारी गँगमन

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांना इंजिन ड्रायव्हर व्हावंसं वाटतं? देवळाली कॅम्पातल्या एखाद्या शाळेत हा प्रश्न विचारला, तर निम्मा वर्ग हात वर करील. उरलेला निम्मा म्हणेल, आम्हाला तोफ चालवायची आहे. तोफखान्याचं गाव ना!

बरं, आता दुसरा प्रश्न. पगार एक पैसाही मिळणार नाही. उलट वर्षाची वर्गणी तुम्हीच भरायची. पहिली काही वर्षं इंजिन पुसायचं, राख काढायची, कोळसा वाहायचा. परीक्षा द्यायची, डोळे तपासून घ्यायचे. मग कधीतरी फायरमन, आणि त्यानंतर नशिबात असलं तर ड्रायव्हर. आता किती हात वर राहिले?

तुम्हाला वाटेल, असा वेडेपणा कोण करील? पण ब्रिटनमध्ये असं करणारे हजारो लोक आहेत. तिथल्या जुन्या, जपून ठेवलेल्या रेल्वेंवर सुमारे २२ हजार स्वयंसेवक आणि सुमारे ४ हजार पगारी माणसं काम करतात, असा अंदाज कोविडच्या साथीआधीच्या वर्षांत तिथे दिला जात असे. म्हणजे एका पगारी माणसामागे पाच-साडेपाच हौशी! त्यांच्यात बँकेतले कारकून आहेत, शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त आजोबा आहेत. शनिवार आला की ही मंडळी काळे कपडे चढवून इंजिनाखाली शिरतात.

याची सुरुवात झाली वेल्समध्ये. टॅलिलिन नावाची एक छोटी रेल्वे १८६० च्या दशकात पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधली गेली. पाटीचा दगड म्हणजे तोच, ज्याच्यावर तुमचे आजी-आजोबा पेन्सिलीने गिरवत होते. पुढे खाण बंद पडली. पण रेल्वेचे मालक सर हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता, की मी जिवंत असेपर्यंत गाडी चालेल. त्यांनी शब्द पाळला. १९५० मध्ये ते वारले आणि गाडीचंही आता संपलंच, असं सगळ्यांना वाटलं. रूळ तर असे झिजलेले, की त्यांना जागेवर धरून ठेवायचं काम फक्त गवत करतंय, अशी थट्टा लोक करीत.

त्या वेळी टॉम रोल्ट नावाचे लेखक पुढे आले. त्यांनी मित्रांना जमवलं, संस्था काढली, आणि १४ मे १९५१ रोजी या हौशी लोकांनी पहिली गाडी सोडली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. चालतं इंजिन किती, तर एक!

या रेल्वेवर १९५२ मध्ये एक पाद्री हौशी गार्ड म्हणून आले होते. त्यांचं नाव रेव्हरंड ऑड्री. नाव ओळखीचं नाही वाटत? अहो, टीव्हीवरच्या थॉमस इंजिनाचे जन्मदाते ते हेच! तर या गार्डसाहेबांनी एकदा हिरवी झेंडी दाखवली, गाडी सुटली, आणि चहा-बिस्किटं विकणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या. गार्डने गाडी सोडण्यापूर्वी मागेपुढे पाहायचं असतं, हे पाद्रीबुवा विसरले होते. पुढे त्यांनी या फजितीवरच एक गोष्ट लिहिली. पण गंमत बाजूला ठेवून विचार करा. चहावाल्या बाईंच्या जागी डब्यात चढणारं लहान मूल असतं तर? हौशी माणसाच्या हाती झेंडी द्यावी का, हा प्रश्न मग गंमतीचा उरत नाही.

म्हणून या रेल्वेंनी एक पक्का नियम केला. पगार असो वा नसो, परीक्षा एकच. सिग्नल, सांधा, ब्रेक, झेंडी यांतलं कुठलंही काम करणाऱ्याला नियमांची परीक्षा आणि डोळे-कान यांची तपासणी चुकत नाही. डॉक्टर असाल तुम्ही दवाखान्यात! इथे नापास झालात, तर तिकिटं पंच करा.

मग पगारी माणसं लागतातच कशाला? सोपं आहे. मे महिन्यातल्या रविवारी, ऊन पडलेलं असताना, इंजिनावर चढायला तीस जण येतील. पण फेब्रुवारीतल्या मंगळवारी, पाऊस आणि थंडी असताना, तुंबलेलं गटार उपसायला कोण येणार? पत्रांची उत्तरं कोण देणार? बॉयलर तर सुमारे दहा वर्षांनी पूर्ण उतरवून, नळ्या बदलून, तपासून घ्यावा लागतो. ते महिनोन् महिन्यांचं काम आहे. सुट्टीच्या दिवशी दोन तास येऊन ते होत नाही. म्हणून कारखाना, ऑफिस, रुळांची देखभाल इथे पगारी माणसं ठेवावी लागतात. पगार हा नुसता कामाचा मोबदला नसतो. ‘मंगळवारीही येईन’ या वचनाचे ते पैसे असतात.

आणि इथूनच भांडणं सुरू होतात बरं का! पगारी माणूस म्हणतो, ‘हे रविवारचे पाहुणे येतात, इंजिन चालवून फोटो काढून घेतात, आणि सोमवारी पसारा आम्ही आवरायचा.’ हौशी माणूस म्हणतो, ‘ही रेल्वे आमच्या घामाने उभी राहिली. आता कालचा आलेला मॅनेजर आम्हालाच हुकूम सोडतो.’ दोघांचंही खरं असतं. पगारी माणसाला कामावरून काढता येतं. स्वयंसेवकाला फार तर ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणता येतं. पण त्याच्याबरोबर त्याचे पाच मित्रही यायचे थांबले, तर रविवारची गाडीच रद्द!

इंजिन आपलं, हात त्यांचे

आता आपल्याकडे येऊ. माथेरानची झुकझुक गाडी तुम्हाला ठाऊक आहेच. आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती १९०४ ते १९०७ या काळात बांधली. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे २१ किलोमीटरचा वळणावळणाचा चढ. तिच्यासाठी जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने चार वाफेची इंजिनं बनवली. त्यांना पुढे ७३८ ते ७४१ असे क्रमांक मिळाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं रोजचं काम संपलं आणि डिझेल इंजिनांनी सगळा भार उचलला.

त्यांतलं ७४० क्रमांकाचं इंजिन कुठे गेलं असेल? इंग्लंडात! लेटन बझर्ड नावाच्या गावी वाळू वाहण्यासाठी १९१९ मध्ये बांधलेली दोन फुटी रेल्वे आहे. १९६८ पासून ती स्वयंसेवक चालवतात. आपलं माथेरानचं इंजिन फिरत फिरत तिथे पोहोचलं. घाटातल्या तीव्र वळणांवर वळता यावं म्हणून त्याची पुढची-मागची चाकं थोडी सरकणारी केलेली आहेत. त्या चाकांचं कौतुक करायला आणि त्यांना तेल-पाणी करायला तिकडे हौशी लोक मिळाले. मला याचा आनंद होतो, आणि थोडा हेवाही वाटतो.

इकडे माथेरानच्या गाडीवर मात्र स्वयंसेवक नाहीत. ड्रायव्हर, गार्ड, गँगमन सगळे मध्य रेल्वेचे पगारी कर्मचारी. त्यांत एक मंडळी फार खास. ते म्हणजे ब्रेकमन. या गाडीत कित्येक वर्षं डब्याडब्यावर हाताने फिरवायचे ब्रेक होते. ड्रायव्हरने शिटी दिली की प्रत्येकाने आपापल्या डब्याचा ब्रेक आवळायचा किंवा सोडायचा. एकाने उशीर केला तरी उतारावर गाडीला धक्का बसणार. कुठे कुठे वीस फुटांत एक फूट इतका उतार! मे २०१६ मध्ये दोनदा डबे घसरल्यावर गाडी बंद झाली, आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची गरज सगळ्यांना पटली. २०१८ मध्ये गाडी पुन्हा नेरळहून निघाली.

पण तिचा खरा शत्रू आहे पाऊस. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग इतका उखडला, की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडलं. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा दरडी कोसळल्या, रुळांखालची माती वाहून गेली. त्या वेळी नेरळ ते माथेरान अशी संपूर्ण गाडी सुरू झाली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या काळात भर पावसात खांद्यावर पहार टाकून कड्याच्या कडेने चालणारे गँगमन आठवा. हे काम ‘या शनिवारी जमेल, पुढच्या शनिवारी मावशीकडे लग्न आहे’ अशा हिशेबाने होणारं आहे का? मला विचाराल तर या घाटातला ब्रेक आणि पहार पगारी हातांतच असावी.

देवळालीचं तिसरं उत्तर

पगारी की बिनपगारी, असे दोनच प्रकार असतात असं मात्र समजू नका. देवळाली कॅम्पात राहणाऱ्यांनी ‘टीए’ हा शब्द ऐकलेला असेल. टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, प्रादेशिक सेना. पॅराशूटवाल्या टीएची ११६ क्रमांकाची बटालियन देवळालीचीच. टीएतला जवान एरवी आपला नोकरी-धंदा करतो. वर्षातले ठरावीक दिवस लष्करी शिक्षण घेतो आणि बोलावणं आलं की गणवेश चढवतो. जितके दिवस सेवा, तितक्या दिवसांचा पगार. हौस आहे, पण शिस्त लष्कराची.

अशा टीएच्या रेल्वे पलटणीही होत्या. त्यांत रेल्वेचेच कर्मचारी असत. युद्धाच्या काळात गाड्या चालू राहाव्यात, हा त्यांचा उद्देश. मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला. कामाचे तास आठ असावेत, बोनस मिळावा, पगार वाढावा अशा मागण्यांसाठी लाखो कर्मचारी बाहेर पडले. जॉर्ज फर्नांडिस त्यांचे नेते होते. वीस दिवस हा संप चालला. सरकारने काही गाड्या या टीए पलटणींकडून चालवून घेतल्या. म्हणजे ज्या शेडमध्ये काल दोघं शेजारी बसून डबा खात होते, त्यांतला एक संपावर आणि दुसरा गणवेश घालून त्याच्याच इंजिनावर! तुमच्या घरी त्या काळातले कोणी रेल्वेवाले आजोबा असतील, तर त्यांना या दिवसांबद्दल जरूर विचारा. दोन्ही बाजूंनी ऐका.

हीच धास्ती जुन्या रेल्वेवरच्या पगारी माणसाच्याही पोटात असते. एखादा जण फुकटात माझं काम करायला तयार झाला, तर मालक मला का ठेवील? पालकांनो, हा प्रश्न आपल्याकडे शाळेतल्या शिपायापासून ग्रंथालयातल्या सेवकापर्यंत सगळीकडे आहे. स्वयंसेवकाने पगारी माणसाच्या मदतीला यावं. त्याची खुर्ची काढून घेऊ नये. लिहायला सोपं आहे, पण पैशांची चणचण आली की आधी हेच विसरलं जातं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मुलांना काम करता येतं का? ब्रिटनमध्ये यावरून मोठा घोळ झाला. तिथे १९२० चा एक कायदा आहे. मुलांना कारखान्यात, रेल्वेवर राबवू नये म्हणून केलेला. २०१८ च्या सुमारास लक्षात आलं, की हा कायदा अक्षरशः लावला, तर हौसेने इंजिन पुसायला येणारी शाळकरी मुलंही त्यात अडकतात! कायदा चांगल्या हेतूचा, पण हौशी रेल्वे ही गोष्टच १९२० मध्ये कोणाच्या स्वप्नात नव्हती. आणि मुलंच आली नाहीत, तर आजोबा थकल्यावर इंजिनाचं पुढे काय? आपल्याकडेही १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे, आणि धोक्याची कामं तर १८ पर्यंत नाहीत. ती असायलाच हवी. त्यामुळे दहावीच्या सुट्टीत इंजिन चालवायचा बेत रद्द समजा.

पण ब्रेकला हात न लावताही पुष्कळ करता येतं. दार्जिलिंगच्या गाडीसाठी १९९७ पासून ब्रिटनमध्ये एक संस्था आहे. ते लोक गाडी चालवत नाहीत. लिहितात, मदत जमवतात, पाठपुरावा करतात. ती गाडी १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. आपल्या विदर्भातली शकुंतला वाचावी म्हणून तिथले गावकरी वर्षानुवर्षं आवाज उठवत आले, तेही बिनपगारीच. आणि नाशिकची ट्राम? नाशिक रोड स्टेशनपासून नाशिक गावात घोडे जोडलेली ट्राम जात असे! तिच्या आठवणी कोणी वेळेवर लिहून घेतल्या असत्या, तर आज किती मजा आली असती.

माथेरानची गाडी पाहायला जायचं असेल, तर देवळालीहून कल्याणला थांबणारी गाडी पकडा. कसारा घाट उतरताना खिडकीत बसा. समोरून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर लावणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, दिसतात का बघा. कल्याणला कर्जत बाजूची लोकल घ्या आणि नेरळला उतरा. १५ जून ते १५ ऑक्टोबर या दिवसांत नेरळहून गाडी सहसा नसते, वर अमन लॉज ते माथेरान तेवढी चालते. म्हणून दिवाळीनंतर जा. गाडी सुटायला वेळ असेल आणि गार्डकाका मोकळे दिसले, तर त्यांना नमस्कार करून विचारा, ‘काका, पावसाळ्यात गाडी बंद असते, तेव्हा तुम्ही काय करता?’