संगणकाची जुळणी : लेखांक सातवा – एसएमपीएसच्या तारा

मागील लेखांकाच्या अखेरीस मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूंनी पक्का करून आपण थांबलो होतो. प्रोसेसर, त्याच्या माथ्यावरचा पंखा आणि रॅमच्या पट्ट्या आपापल्या स्थानी बसल्या आहेत, आणि आता या निश्चेष्ट फळीपर्यंत वीज नेऊन पोहोचवावयाची आहे. काळाच्या हिशेबाने पाहिले तर हे काम पाच-दहा मिनिटांपलीकडचे नाही. तथापि नवख्याचा हात जुळणीच्या इतर कोणत्याही टप्प्यापेक्षा याच ठिकाणी अधिक कापतो, आणि एसएमपीएसच्या पोटातून बाहेर पडणारा तारांचा झुबका एकदा पाहिला म्हणजे त्यात नवल वाटत नाही. परंतु माझे मत असे आहे की, ही भीती बव्हंशी चुकीच्या जागी बाळगली जाते. जेथे माणसे भितात तेथे चूक होऊच नये अशी तजवीज मूळ रचनाकारांनी करून ठेवलेली असते, आणि जेथे ती बिनदिक्कत हात घालतात तेथेच घात होतो.

भिंतीतील सॉकेटमधून एसएमपीएसकडे येतो तो २३० व्होल्टचा, सेकंदास ५० आवर्तने घेणारा प्रवाह. संगणकाच्या कोणत्याही अवयवास तो त्या रूपात पचणारा नसल्यामुळे त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहांत रूपांतर करणे आणि हे दाब मंजूर मर्यादेत, म्हणजे दर्शनी आकड्याच्या पाच टक्के वर किंवा खाली, राखणे हे एसएमपीएसचे मुख्य कर्तव्य होय. पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ ची, नारिंगी ३.३ ची, निळी उणे १२ ची आणि काळी परतीच्या प्रवाहाची, असा रंगांचा दस्तुर ठरलेला आहे. जांभळी, हिरवी आणि करडी या तीन तारांचा अधिकार वेगळा असून त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल. अलीकडे शोभेच्या हव्यासापायी सगळ्याच तारांना काळे वेष्टन चढविण्याची प्रथा पडली आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल मला मुळीच पसंत नाही.

आजच्या सोयीचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जाणे इष्ट आहे. आयबीएमने १९८१ साली आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणि १९८४ साली त्याची एटी ही आवृत्ती बाजारात आणली, तेव्हापासून पुढे दहा-अकरा वर्षे मदरबोर्डला वीज मिळे ती प्रत्येकी सहा तारांच्या दोन कनेक्टरांतून. पी-आठ आणि पी-नऊ अशी त्यांची नावे होती, ते शेजारी शेजारी बसत, आणि त्यांची अदलाबदल होण्यास कसलीही आडकाठी नसे. अशी अदलाबदल करून बटण दाबले म्हणजे परतीच्या तारेच्या जागी ५ व्होल्टचा दाब जाऊन मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असे. सबब ‘काळ्याशेजारी काळी’, म्हणजे दोन्ही कनेक्टरांच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींस लगटून आल्या पाहिजेत, हा नियम त्या काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळविणाऱ्या कारागिरास तोंडपाठ ठेवावा लागे. सुरक्षितता काय ती त्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून होती.

इंटेलने १९९५ साली एटीएक्स या नावाने जो नवा मसुदा प्रसिद्ध केला त्यात ही जोखीम माणसाच्या स्मरणशक्तीवरून काढून प्लॅस्टिकच्या आकारावर टाकण्यात आली. दोन कनेक्टरांच्या जागी वीस घरांचा एकच कनेक्टर आला. त्याची काही घरे चौकोनी आणि काहींचे कोपरे कापलेले, एका बाजूस अडकणारी क्लिप, आणि सर्व घरांचा क्रम असा योजलेला की उलटा धरल्यास तो आत जाऊच नये. पुढे प्रवाहाची गरज वाढल्यावर त्यात चार घरांची भर पडून आजचा चोवीस घरांचा कनेक्टर रूढ झाला. मदरबोर्डच्या बहुधा उजव्या काठाशी त्याची बैठक असते. क्लिप आणि तिचा दात समोरासमोर आणून कनेक्टर सरळ दाबावा. जोर थोडा अधिक लागतो आणि फळी काठाशी किंचित लवते, म्हणून दुसऱ्या हाताने तिला खालून किंवा कडेने आधार द्यावा. क्लिप दाताच्या पलीकडे जाऊन बसल्याचे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज काम झाले असे समजू नये. अर्धवट बसलेल्या कनेक्टरात स्पर्शाचे क्षेत्र कमी पडून धातू तापतो, आणि ग्राफिक कार्डांच्या सोळा घरांच्या नव्या कनेक्टरांपैकी काही २०२२ साली वितळल्याचे उघडकीस आले, तेव्हा अपुरे बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले होते.

आता त्या तीन निराळ्या तारांकडे वळू, कारण या विषयातील सर्वात रसाळ भाग तोच आहे. जुन्या एटी पद्धतीत २३० व्होल्टची जाड तार कॅबिनेटच्या दर्शनी बटणापर्यंत आणलेली असे आणि ते बटण घरातील दिव्याच्या बटणाप्रमाणे प्रवाह प्रत्यक्ष तोडीत किंवा जोडीत असे. एटीएक्सने ही व्यवस्था रद्द केली. संगणक बंद असतानाही, भिंतीतील बटण चालू आहे तोवर, जांभळ्या तारेतून ५ व्होल्टचा अल्प प्रवाह मदरबोर्डपर्यंत अखंड येत असतो. वाड्याचा महादरवाजा रात्री बंद झाला तरी त्यातील दिंडी दरवाजावर पहारेकरी जागा असावा, तशी ही सोय आहे. दर्शनी बटण आपण दाबतो तेव्हा दोन बारीक तारांचा क्षणभर संयोग होतो एवढेच; त्याची वर्दी मिळताच मदरबोर्ड हिरव्या तारेवरचा दाब शून्यावर ओढतो, आणि हाच एसएमपीएसला मुख्य प्रवाह सोडण्याचा हुकूम असतो. मग एसएमपीएस सर्व दाब स्थिरावू देतो, आणि सेकंदाच्या दशांशापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या अवधीत करड्या तारेवरून ‘सर्व ठीक’ असा इशारा पाठवितो. तो मिळेपर्यंत प्रोसेसरला काम सुरू करण्याची मुभा नसते. कुरकुर करणारा एसएमपीएस पंखे फिरवितो पण यंत्र सुरू होऊ देत नाही, अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या करड्या तारेवर न आलेल्या इशाऱ्यात सापडते.

या व्यवस्थेचा व्यवहारातील परिणाम असा की, पडदा काळा आणि पंखे स्तब्ध म्हणजे वीज नाही, हे अनुमान एटीएक्स यंत्राच्या बाबतीत खोटे ठरते. मदरबोर्डवरचा एखादा लहानसा दिवा जळत असेल तर जांभळी तार जागी आहे असे खुशाल समजावे आणि कोणताही कनेक्टर लावण्यापूर्वी किंवा काढण्यापूर्वी भिंतीतील प्लगच उपसून ठेवावा. नंतर दर्शनी बटण काही क्षण दाबून धरले म्हणजे कपॅसिटरांत साठलेला अवशिष्ट भारही निघून जातो. एसएमपीएसची स्वतःची पेटी मात्र प्लग काढल्यावरही उघडू नये. तिच्यातील भार इतक्या सहजासहजी ओसरत नाही.

चोवीस घरांचा कनेक्टर बसला की काम संपले, असा जो समज होतो तो दुसऱ्या एका कनेक्टराच्या विस्मरणातून. पेंटियम ४ च्या आगमनाबरोबर, २००० साली, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा चार घरांचा स्वतंत्र कनेक्टर आला, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. ६० वॉट शक्ती ५ व्होल्टने पोहोचवावयाची तर तारेतून १२ अँपिअर प्रवाह न्यावा लागतो, १२ व्होल्टने केवळ ५. आणि तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे पहिल्या पद्धतीत ती दुसरीच्या सुमारे पावणेसहापट होते. म्हणून प्रोसेसरच्या उंबरठ्यापर्यंत १२ व्होल्ट आणून तेथे त्याचे एक-सव्वा व्होल्टपर्यंत अवतरण करणे सोयीचे पडले. आज बहुतेक फळ्यांवर या कनेक्टराला आठ घरे असतात आणि त्याची जागा प्रोसेसरजवळ, वरच्या डाव्या कोपऱ्यात, बोटे जेमतेम पोहोचतील अशा अडचणीत असते. तो लावावयाचा राहिला म्हणजे पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. दुकानदाराकडे यंत्र घेऊन जाण्यापूर्वी हे स्थान एकदा पाहून घ्यावे.

येथेच आकाराने दिलेले अभय संपते. ग्राफिक कार्डासाठी निराळा आठ घरांचा कनेक्टर एसएमपीएससोबत येतो. दिसावयास तो प्रोसेसरच्या कनेक्टराचा जुळा भाऊ, परंतु प्रोसेसरच्या कनेक्टरात चार पिवळ्या व चार काळ्या तारा असतात, तर ग्राफिक कार्डाच्यात तीन पिवळ्या व पाच काळ्या, आणि क्लिपच्या बाजूस एकात पिवळ्या येतात तेथे दुसऱ्यात काळ्या. घरांचे आकार वेगळे असल्याने एक दुसऱ्याच्या जागी सुखासुखी जात नाही. पण बळजबरीपुढे प्लॅस्टिक हार खाते आणि मग शॉर्टसर्किट अटळ होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रोसेसरचा कनेक्टर चार-चारच्या दोन तुकड्यांत विभागतो, ग्राफिक कार्डाचा सहा आणि दोनच्या, शिवाय बहुतेकांवर ‘सीपीयू’ किंवा ‘पीसीआय-ई’ अशी रोमी अक्षरे कोरलेली असतात. चोवीसच्या कनेक्टरापासून सुटणारा चार घरांचा तुकडाही प्रोसेसरचा समजून लावू नये, कारण त्यातील चार तारा चार निरनिराळ्या रंगांच्या असतात.

याहून मोठा घात मॉड्युलर, म्हणजे ज्याच्या तारा त्याच्या पेटीपासूनही सुट्या काढता येतात अशा, एसएमपीएसच्या तारांत दडलेला आहे. मदरबोर्डकडील टोकाचा तारांचा क्रम सर्वमान्य आहे. एसएमपीएसकडील टोकाचा क्रम ठरविण्याची मुखत्यारी मात्र प्रत्येक कंपनीने स्वतःकडे राखली आहे, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तो भिन्न असू शकतो. जुन्या एसएमपीएसची तार नव्यात आकाराने बेमालूम बसते, आणि ५ व्होल्टच्या घरात १२ व्होल्ट जाऊन हार्डडिस्क तिच्यातील सर्व दप्तरासह जळते. अशी फसगत याआधीही झालेली आहे: १९९८ ते २००० च्या सुमारास डेल कंपनीने आपल्या काही डेस्कटॉप संगणकांत एटीएक्ससारखाच दिसणारा, पण तारांचा क्रम स्वतःचा असलेला कनेक्टर वापरला होता, आणि त्यात बाजारातील सर्वसाधारण एसएमपीएस लावणाऱ्यास त्याची किंमत मोजावी लागे. नवा एसएमपीएस आणला की जुन्याच्या तारा जुन्याबरोबरच बांधून ठेवाव्यात. एकही नव्यात वापरू नये.

शेवटी अर्थिंगचा विषय, जो आपल्याकडील जुन्या घरांत विशेष जिव्हाळ्याचा आहे. तीन छिद्रांच्या सॉकेटमध्ये वरच्या मोठ्या छिद्रामागे पुष्कळदा तारच जोडलेली नसते. अशा वेळी एसएमपीएसमधील गाळणीच्या कपॅसिटरांतून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बोटांना मुंग्या आणतो. हा एसएमपीएसचा दोष नसून वायरिंगचा आहे, आणि त्याचा बंदोबस्त वायरमनकडूनच करून घ्यावा.

पुढील लेखांकात दर्शनी बटणाच्या आणि दिव्यांच्या त्या बारीक तारांचा परामर्श घेऊ, ज्यांच्यावाचून यंत्र सुरू करण्याचा सरळ मार्ग उरत नाही. तोवर वाचकांनी दोन्ही कनेक्टरांच्या क्लिपा पुन्हा एकवार तपासून पाहाव्यात, आणि प्लग मात्र भिंतीत लावू नये, ही विनंती.