यंत्राची साक्ष कितपत मानावी?

नोकरीनिमित्त कुवेतला राहून आलेल्या मराठी कुटुंबांना हवल्ली हे नाव परके नाही. कुवेत शहरालगतचा हा दाट वस्तीचा भाग. शाळाही तेथे पुष्कळ. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी सैन्य त्या देशात शिरले आणि आपल्या हजारो देशबांधवांना घरदार सोडून निघावे लागले. फेब्रुवारी १९९१ अखेर कुवेत मुक्त झाला. परंतु शत्रूने मागे विष ठेवले असेल, तर ते ओळखावयाचे कसे, हा प्रश्न उरलाच.

हवल्लीच्या दक्षिणेस सबाहिया येथे हा प्रश्न प्रत्यक्षच उभा राहिला. तेथील मुलींच्या एका शाळेबाहेर धातूची एक टाकी आढळली. ऑगस्ट १९९१ मध्ये ब्रिटिश जवानांनी तिची तपासणी केली. हाती धरावयाच्या यंत्राने ‘मस्टर्ड वायू’ असे उत्तर दिले. पुढे अमेरिकी सैन्याच्या ‘फॉक्स’ गाड्या बोलावण्यात आल्या. त्यांतील यंत्रांनीही मस्टर्ड व फॉस्जीन या युद्धातील विषांचीच नावे सांगितली. दोन निराळ्या साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितल्यावर शंका कोण घेणार?

तथापि टाकीत ते विष नव्हतेच. आत होते तीव्र नायट्रिक आम्ल. इराकी सैन्याने ती शाळा जहाजविरोधी क्षेपणास्त्रांच्या कामासाठी वापरली होती, आणि त्या क्षेपणास्त्रांचे इंधन जाळण्यास हे आम्ल लागते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या चौकशीचा तसा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात अमेरिकेच्या सिनेटपर्यंत हे प्रकरण गेले होते. युद्धाहून आजारी होऊन परतलेले कित्येक सैनिक आपल्या व्याधीचे मूळ शोधत होते. त्यांच्या दृष्टीने हा केवळ रसायनशास्त्राचा वाद नव्हता.

मग यंत्रे खोटे बोलली काय? नाही. आम्ही वर्गात निळा लिटमस कागद लिंबाच्या रसात बुडवितो. तो तांबडा होतो. गंधकाम्लात बुडविला तरीही तांबडाच होतो. कागद ‘आम्ल’ एवढेच सांगतो, कोणते आम्ल ते सांगत नाही. फॉक्स गाडीतील यंत्राचेही असेच होते. ते समोरच्या पदार्थाच्या काही ठळक खुणा आपल्यात आधीच भरून ठेवलेल्या यादीशी ताडून पाहते. यादीबाहेरचा पदार्थ आला की ते जवळात जवळचे नाव पुढे करते. म्हणून पहिल्या इशाऱ्यानंतर त्या पदार्थाचा संपूर्ण आलेख काढून तो जाणकारांनी वाचणे आवश्यक असते. तपासणीच्या वेळी एका जवानाच्या मनगटावर थेंब पडून त्याला तत्काळ वेदना झाल्या होत्या. मस्टर्ड सहसा लगेच दुखवीत नाही. त्याचे फोड काही तासांनी येतात. ही खूणही ध्यानात घेण्याजोगी होती.

‘आहे’ या उत्तराला मर्यादा असते, तशी ‘नाही’ या उत्तरालाही असते. किरणोत्सारी कार्बनावरून प्राचीन वस्तूंचे वय काढतात, पण सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे ती पद्धत मुकी होते. याचा अर्थ त्याहून जुने काही नाही, असा कोणी करीत नाही.

हीच गोष्ट आपल्या स्वतःच्या घरात येते तेव्हा मात्र विसरली जाते. २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात जगभरच्या यहुदी समाजांच्या आनुवंशिक घडणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्राएल लोक पश्चिम भारतातील शेजाऱ्यांच्या जवळ पडले. पितृवंशाच्या खुणा मात्र पश्चिम आशियाकडे बोट दाखवीत होत्या. ज्यांनी अर्धेच वाचले त्यांनी परंपरेवर फुली मारली. २०१६ साली अधिक बारकाईच्या पद्धतींनी दुसरा अभ्यास झाला. त्यात आपल्या समाजातील १८ व्यक्तींचे नमुने होते. यहुदी आणि भारतीय, दोन्ही वारसे आपल्यात ठळकपणे आहेत, असे त्यातून दिसले. पहिल्या चाळणीतून जे निसटले, ते दुसरीत अडकले.

पण येथेही हर्षभराने अधिक बोलू नये. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. हा काळ मिश्रणाचा, आगमनाचा नव्हे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही कथा या आकड्याने सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. तो प्रश्न या पद्धतीला विचारलेलाच नव्हता.

म्हणून रक्ततपासणीचा कागद असो की वंशाचा अहवाल असो, वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. ही पद्धत काय शोधत होती? किती सूक्ष्म ते तिला दिसते? आणि कशाला ती भलतेच समजू शकते? आम्ही विद्यार्थ्यांना उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न नीट वाचा, असे सांगत आलो. यंत्राने दिलेले उत्तर वाचतानाही तोच नियम पाळावा.