हद्द बदलली की पगारही बदलतो

निळजे, भोपर आणि आसपासची 27 गावे 1983 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, 2002 मध्ये बाहेर पडली आणि 2015 मध्ये पुन्हा आत आली. त्यांची मागणी स्वतंत्र नगरपालिकेची. 2020 मध्ये सरकारने 18 गावे वगळली, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

वाद रंगला तो घरपट्टी, पाणी आणि बांधकामांवरून. मजुरीचा विषय मात्र कुणी काढला नाही.

महाराष्ट्रात किमान वेतनासाठी परिमंडळे, म्हणजे दर ठरवण्यासाठी पाडलेले भाग, असतात. दुकाने आणि अनेक उद्योगांत महापालिका हद्दीला पहिले परिमंडळ लागते. नगरपालिकांचे दर त्याहून कमी, ग्रामीण भागाचे आणखी कमी. म्हणजे गाव महापालिकेबाहेर गेले की तिथला दरही खाली येऊ शकतो. मूळ वेतनावर दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैत, महागाईनुसार विशेष भत्ता ठरतो. पगारपत्रकात या दोन ओळी वेगळ्या दिसायला हव्यात. मूळ दर पाच वर्षांच्या आत तपासावेत, असे 1948 चा किमान वेतन कायदा सांगत होता; सरकारे वर्षानुवर्षे रेंगाळली.

हद्दीचा वाद आणि त्यात कामगारांनी उतरणे मराठी माणसाला नवे नाही. 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. त्याच्या निषेधार्थ चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले, आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरले.

ठाणे जिल्ह्यातूनही 2014 मध्ये पालघर जिल्हा निघाला. कारभार जवळ येणे चांगलेच. पण यापुढे कोणतीही हद्द आखताना तिथल्या सफाई कामगाराचा, दुकानातल्या नोकराचा दर खाली येणार नाही, अशी अट सरकारने आदेशातच लिहावी.