'५०४' दिसला म्हणजे व्यवहार रद्द झाला असे नव्हे

१२ डिसेंबर २०१६ रोजी 'वरदा' चक्रीवादळ चेन्नईच्या किनाऱ्यावर धडकले. समुद्राखालील एका केबलची हानी झाल्याने इंटरनेट मंदावल्याचे त्यानंतर एअरटेलने ग्राहकांना कळवले होते. अशा वेळी संकेतस्थळ सुरू असते, मात्र उत्तर वेळेत पोहोचत नाही आणि पडद्यावर 'गेटवे टाइमआउट', अर्थात ५०४ क्रमांकाची त्रुटी उमटते.

ही त्रुटी कळवतो तो प्रॉक्सी, म्हणजेच वापरकर्ता आणि मूळ सर्व्हर यांच्यामधील मध्यस्थ. त्याने किती काळ वाट पाहायची, याची मर्यादा म्हणजे टाइमआउट. जोडणी मिळण्यासाठी एक मर्यादा असते, तर उत्तर येण्यासाठी दुसरी. 'एनजिनएक्स' या प्रचलित प्रणालीत दोन्ही मुळात ६० सेकंदांच्या असतात. यातील दुसरी संपूर्ण उत्तराला नव्हे, तर त्याच्या लागोपाठच्या दोन तुकड्यांमधील खंडाला लागू होते. त्यामुळे थेंबाथेंबाने येणारी मोठी फाइल तासभर चालू शकते. मिनिटभर निःशब्द राहिलेली विनंती मात्र तुटते.

चेन्नई ते सिंगापूर ही २००२ मधील 'आयटूआय' केबल सुमारे ३,२०० किलोमीटरची आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाण्यायेण्यास सेकंदाचे जेमतेम ३२ सहस्रांश पुरतात. केबल तुटून वाहतूक दूरच्या मार्गाने वळली, तरी केवळ अंतरामुळे मिनिट उलटत नाही. खरे कारण गर्दीचे. उरलेल्या मार्गांवर माहितीची पाकिटे गळतात, ती पुन्हा पाठवावी लागतात आणि साधारणतः प्रत्येक अपयशानंतर प्रतीक्षा दुप्पट होते. १, २, ४, ८, १६ अशा पाच फेऱ्यांतच ३१ सेकंद सरतात.

मर्यादा वाढवणे हा सोपा वाटणारा उपाय अनेकदा अंगाशी येतो. थांबलेली प्रत्येक विनंती प्रॉक्सीची एक जोडणी अडवून ठेवते आणि इतरांनाही ताटकळत ठेवते.

५०२ आणि ५०४ यांत गल्लत होते. ५०२ म्हणजे मूळ सर्व्हरकडून अयोग्य उत्तर आले. ५०४ म्हणजे उत्तर वेळेत आलेच नाही. प्रॉक्सीने नाद सोडला, तरी मागचा सर्व्हर काम पूर्ण करू शकतो. परीक्षा शुल्क किंवा रेल्वे तिकिटाचे पैसे भरताना ५०४ दिसल्यास पुन्हा बटण दाबल्याने रक्कम दोनदा वजा होण्याचा धोका असतो. आधी बँक खाते आणि व्यवहाराची स्थिती तपासावी.