बरे झालेले दुखणे विसरू नये

बोईसरजवळच्या सालवडमधील एका तरुण शिक्षिकेची आपण कल्पना करू. एका डोळ्याने फळा अंधुक दिसू लागला. काही आठवड्यांत डोळा सुधारला. वर्षभराने पाय बधिर झाला, तोही सुधारला. डोळ्यांच्या डॉक्टरांना पायाचे कळले नाही, हाडांच्या डॉक्टरांना डोळ्याचे. मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान इथेच अडते.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायेलिनचे आवरण खराब करते. निर्णायक अशी एकच चाचणी नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात. म्हणून २००१ च्या मॅकडोनाल्ड निकषांनी एमआरआयच्या साहाय्याने वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी झालेल्या इजांचा पुरावा मागितला.

उपचार लांबले, तर झालेली हानी भरून येईलच असे नाही. तेव्हा आपण बरे झालेले दुखणेही तारखेसह वहीत लिहून ठेवू आणि डॉक्टरांना दाखवू.