तरुण वयांत गर्भाशय काढणें

पाळीच्या दिवसांतील असह्य वेदना, ओटीपोटांत सदैव राहणारी ठणक, कंबरदुखी, अंगावरून जाणें, या दुखण्यांना कंटाळून गर्भाशय काढून टाकण्यास अनेक स्त्रिया तयार होतात. ही शस्त्रक्रिया मुळांत वाईट नव्हे. कर्करोग, मोठ्या गांठी किंवा कशानेंहि न थांबणारा रक्तस्राव अशा प्रसंगीं ती प्राण वांचविते. परंतु तिशींतल्या स्त्रीवर, तीहि केवळ जुनाट दुखण्यासाठीं, ती सर्रास होऊं लागली म्हणजे शरीराबरोबर समाजाचीहि तपासणी करावी लागते. महाराष्ट्रांत ही वेळ बीड जिल्ह्यानें आणली.

बीड हा अवर्षणाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास तेथील असंख्य कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून आधींच घेतलेली ‘उचल’ ऊस तोडून फेडावयाची असते, आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी दंड बसतो. फडाजवळच्या कोपीला न्हाणीघर नाहीं, शौचकूप नाहीं, पुरेसें पाणी नाहीं. पहाटेपासून ऊस तोडावा, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरावी, आणि पाळीच्या दिवसांतहि यांत खंड नाहीं. अशा स्थितींत जंतुसंसर्ग झाला तर तो अंगावरच काढला जातो आणि दुखणें जुनें होतें. मुलींचीं लग्नें लहान वयांत होतात, बाळंतपणेंहि लौकरच उरकतात. मग “मुलें झालीं, आतां पिशवीचें काय काम?” हा समज बळावतो. पिशवी न काढल्यास कॅन्सर होईल अशी भीति दवाखान्यांत घातली गेल्याचेंहि अनेक स्त्रियांनीं सांगितलें आहे. शस्त्रक्रियेसाठीं कर्ज होतें आणि तें फेडण्यास पुन्हां ऊसच तोडावा लागतो.

२०१९ सालीं हा प्रकार वृत्तपत्रांतून पुढें आला. त्या वर्षीं जूनमध्यें सरकारनें विधिमंडळांत सांगितलें कीं, बीड जिल्ह्यांतील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली गेली. त्या वेळच्या पाहणींत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे दर सहा स्त्रियांमागें एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २०१५-१६ सालीं १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हें प्रमाण शेंकडा ३ च्या आसपास होतें. दोन्ही पाहण्यांची मोजणी अगदीं एकसारखी नसली तरी हें अंतर डोळ्यांत भरण्याजोगें आहे.

श्रोतेहो, पिशवी गेली म्हणजे दुखणेंहि गेलें, असें नसतें. पाळी थांबते हें खरें. पण ओझें वाहून आलेली कंबरदुखी राहतेच. शस्त्रक्रियेबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले तर तरुण स्त्रीला एकाएकीं रजोनिवृत्ति येते. अंगाची काहिली होते, झोप उडते, पुढें हाडें ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश राखले तरीहि रजोनिवृत्ति लौकर येण्याचा संभव वाढतो.

म्हणून शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय होय. जंतुसंसर्गावर योग्य औषधें आहेत. जरूर तर तीं पतीलाहि द्यावीं लागतात. वेदना व अतिस्राव यांवर गोळ्या आहेत, तसेंच गर्भाशयांत बसविण्याचें संप्रेरकयुक्त साधनहि आहे. नुसतें पांढरें जाणें म्हणजे कर्करोग नव्हे. त्याची शंका आल्यास गर्भाशयमुखाची तपासणी करून निर्णय घ्यावा. निदान काय झालें, औषधें किती दिवस देऊन पाहिलीं, बीजांडकोश राहणार कीं जाणार, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून आणि दुसऱ्या डॉक्टरचें मत घेतल्यावांचून कोणींहि संमति देऊं नये.

२०१९ नंतर बीडमध्यें खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणें आवश्यक करण्यांत आलें. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीं केंद्रानें आंखलेले नियम तीन महिन्यांत अंमलांत आणावे, असा आदेश ५ एप्रिल २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि सर्व राज्यांना दिला. पण हे नियम रोगिणीला शस्त्रक्रियागृहाच्या दारांत अडवितात. तिला तेथवर आणणारी वाट फडावरून निघते. वर सांगितलेले तीन प्रश्न शहरांतील सुशिक्षित गृहिणी सहज विचारूं शकेल. जिच्या श्रमाची साखर आपल्या चहांत रोज पडते, तिला ते विचारावयास आधीं डॉक्टरकडे जाण्याची सवड हवी, फडावर पाणी व आडोसा हवा. दुखण्याच्या पहिल्याच दिवशीं, दंड न बसतां, तिला विश्रांति व औषध मिळालें, तर पुढें शस्त्र उचलण्याची पाळी सहसा येणार नाहीं.