पिंग ९९९! नेट स्लो, की कुणी पाडलं?

शेवटचा झोन, समोर एकच स्क्वॉड उरलाय. तुम्ही फायर दाबता आणि पिंगचा आकडा लाल होतो. दोन सेकंदांनी नेट परत येतं, तेव्हा तुम्ही थेट लॉबीत! मग ग्रुपवर मेसेज पडतो, 'भावा, कुणीतरी डीडॉस केला रे!'

थांबा. एवढ्यात कुणावर आळ घेऊ नका. बऱ्याचदा गुन्हेगार बाहेरचा नसतो, घरातलाच असतो.

स्पीड वेगळा, पिंग वेगळा

पिंग म्हणजे तुमचा डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर पळतो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद निव्वळ अंतरातच गेले. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलात तरी ते कमी होणार नाहीत. एक्स्प्रेसवेला आणखी दोन लेन वाढवल्या म्हणून पुणे मुंबईच्या जवळ येतं का? तसंच हे. त्यामुळे गेममध्ये सर्व्हर निवडता येत असेल, तर आधी जवळचा निवडा.

पिंग सतत ७० असेल तर खेळता येतं. तो ३० वरून १८० वर उड्या मारत असेल, तर त्याला जिटर म्हणतात. आणि समोरचा प्लेअर इथून गायब होऊन तिथे उगवत असेल, तर डेटाची पाकिटं वाटेतच हरवतायत. हा झाला पॅकेट लॉस.

दोन मिनिटांची तपासणी

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत पिंग टाइप करून पुढे तुमच्या राउटरचा पत्ता टाका. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. इथेच आकडे उड्या मारत असतील, तर कंपनीला फोन लावून उपयोग नाही. घोळ तुमच्या वायफायमध्ये आहे. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या सगळ्या राउटरची गर्दी असते, म्हणून ५ गिगाहर्ट्झवर या. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल, तर सरळ लॅन केबल ओढा. दिसायला बरं नाही दिसणार, पण काम करते.

राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, तरी गेम अडकतोय? मग घरात किंवा फ्लॅटवर कोण काय अपलोड करतंय ते बघा. रूममेटचा फोन रात्री फोटोंचा बॅकअप घेत असेल, तर अपलोडची लाइन भरते आणि तुमची पाकिटं राउटरमध्ये रांगेत उभी राहतात. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये 'क्यूओएस' सेटिंग असेल तर ते चालू करा. नसेल तर रूममेटला चहा पाजा आणि बॅकअप सकाळी घ्यायला सांगा.

मग खरा हल्ला कसा ओळखायचा?

डीडॉसमध्ये हजारो मशीन एकाच पत्त्यावर फालतू ट्रॅफिक ओततात आणि लाइन तुंबते. तुमच्या घरावर हल्ला करायला तुमचा आयपी पत्ता लागतो. बीजीएमआय किंवा व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये तुम्ही कंपनीच्या सर्व्हरशी बोलत असता, त्यामुळे समोरच्याला तो सहसा दिसत नाही. धोका असतो तो प्लेअर एकमेकांना थेट जोडणाऱ्या गेममध्ये, घरच्या पीसीवर मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवताना आणि अनोळखी माणसाने पाठवलेल्या लिंकवर क्लिक करताना.

भांडणानंतर लगेच घरातल्या सगळ्या उपकरणांचं नेट एकदम गेलं, मोबाइल डेटा मात्र चालू आहे आणि असं वारंवार होतंय, तर शंकेला जागा आहे. राउटर काही मिनिटं बंद ठेवा. अनेक कनेक्शनवर नवा आयपी मिळतो. नाही मिळाला तर इंटरनेट कंपनीकडून बदलून घ्या. वेळेची नोंद आणि धमकीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

मोठे मासेही यातून सुटलेले नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये एका माइनक्राफ्ट स्पर्धेच्या काळात अँडोरा या छोट्या देशाच्या टेलिकॉम कंपनीवर हल्ला झाला आणि देशातलं इंटरनेट कोलमडलं. २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या 'लीग ऑफ लीजंड्स'च्या एलसीके लीगला हल्ल्यांमुळे काही सामने लाइव्ह न दाखवता रेकॉर्ड करून दाखवावे लागले.

'काही रुपयांत पाडून देतो'

आता मुद्द्याचं. एखाद्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर कुणीतरी तुम्हालाही ही ऑफर देईल. हरल्याचा राग असतो, रक्कम किरकोळ वाटते. पण हा प्रँक नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'मी फक्त पैसे दिले' म्हणून सुटका होईल, या भ्रमातही राहू नका. एप्रिल २०१८ मध्ये 'वेबस्ट्रेसर' ही भाड्याने हल्ले करून देणारी साइट युरोपातल्या पोलिसांनी बंद पाडली. तिचे १ लाख ३६ हजार नोंदणीकृत युजर होते. पुढे पोलीस त्या युजर्सच्याही मागे लागले.

२०१६ मधलं 'मिराई' प्रकरण तर आपल्याच वयाच्या मुलांचं. अमेरिकेतल्या तीन तरुणांनी कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेले सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन हल्लेखोर फौज उभी केली. मुळाशी होती माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातली चढाओढ. त्यातला पारस झा रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी होता. त्याने स्वतःच्याच विद्यापीठाचं नेटवर्क पाडलं. मुलं असाइनमेंट जमा करायची ते पोर्टलही बंद पडलं. २०१८ मध्ये तिघांना ५ वर्षांचं प्रोबेशन आणि २,५०० तासांची समाजसेवा मिळाली. रटगर्स प्रकरणात पारसला त्याशिवाय ६ महिने घरात स्थानबद्धता आणि ८६ लाख डॉलरची भरपाई. डोकं तिघांकडेही होतं. ते कुठे लावलं, एवढाच प्रश्न.

म्हणून आज एक काम कराच, राउटरचा आणि घरच्या सीसीटीव्हीचा मूळ पासवर्ड बदला. नाहीतर उद्या कुणाचं तरी नेट पाडणाऱ्या फौजेत तुमच्या हॉलमधला कॅमेराही असेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. तुमच्यावर खरंच हल्ला होत असेल, तर उलटा हल्ला करू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि मॅच हरलात तर? रीमॅच मागा.